होम प्लेटच्या अलीकडची रेषा आधी आखा

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या क्रीडा समित्यांना आणि ज्येष्ठांच्या स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये संघ उतरवणाऱ्या मराठी व्यवस्थापकांना,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की मैदानांचं बुकिंग सुरू होतं, टी-शर्टचे रंग ठरतात आणि पंच म्हणून आम्हाला फोन येतात. फोन ठेवता ठेवता एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सगळे साठीपुढचे आहेत हो, जरा सांभाळून घ्या." हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. पंचाने सांभाळून घेतल्याने कोणाचा गुडघा वाचत नाही. फक्कीने नीट आखलेली रेषा, दुसरी होम प्लेट, पहिल्या बेसचा नारिंगी भाग आणि सामन्याआधी दोन्ही संघांनी वाचलेला एक कागद, एवढं असलं की वाचतो. यातलं काहीच नसेल तर पंच कितीही जुना असो, तो फक्त झालेलं भांडण मिटवू शकतो. झालेली धडक त्याला मागे घेता येत नाही.

आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले आहेत. पण तो फास्ट-पिच, म्हणजे वेगाने टाकलेल्या चेंडूचा. इथे ज्येष्ठांच्या लीगमध्ये चालतो तो स्लो-पिच, म्हणजे कमान घेऊन हळू टाकलेल्या चेंडूचा, आणि त्यातही पन्नाशीपुढच्या गटांसाठी वेगळे सुरक्षा-नियम आहेत. बाकीचे आयुष्यभर क्रिकेट खेळून आलेले. दोघांच्याही अंगात मुरलेल्या सवयी आहेत आणि ऐन क्षणी माणूस कागदावरचा नियम विसरतो, सवय विसरत नाही. म्हणून नियम जमिनीवर दिसला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा. तिसऱ्या बेसवरून होमकडे (बॅटर उभा राहतो त्या प्लेटकडे, जिथे धाव पुरी होते) येताना वाटेत एक आडवी रेषा असते, तिला इथे कमिटमेंट लाइन म्हणतात. कुठे ती होमपासून २० फुटांवर, कुठे ३० फुटांवर. रनरचा पाय या रेषेवर किंवा पलीकडे पडला की त्याला मागे फिरता येत नाही. फिरला तर आउट. त्याच्यासाठी धाव मोजायला खरी होम प्लेट नसतेच, बाजूला दुसरी प्लेट ठेवलेली असते. पहिल्या बेसकडून होमला येणारी रेषा तशीच मागे वाढवायची आणि होमच्या मागच्या टोकापासून साधारण ८ फुटांवर ही दुसरी प्लेट ठेवायची. म्हणजे कॅचर खऱ्या प्लेटवर, रनर बाहेरच्या प्लेटवर. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदत नाहीत. रनर रेषेपलीकडे आला की कॅचरने त्याला टॅग करायला, म्हणजे चेंडू धरून अंगाला लावायला, जायचंच नाही. चेंडू ताब्यात घेऊन रनरच्या आधी खऱ्या प्लेटला पाय लावला की रनर आउट. रनरने चुकून खऱ्या प्लेटवर पाय ठेवला तर बहुतेक नियमपुस्तकांत तोही आउट, कारण धडक टाळायची तर कोणत्याही कारणाने त्याने तिथे यायलाच नको.

कागदावर हे सोपं दिसतं. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. सकाळी नऊ वाजता फक्कीने रेषा मारली. तिसऱ्या इनिंगपर्यंत वीस-पंचवीस जोडी स्पाइक्स तिच्यावरून गेले. रेषेच्या जागी करड्या मातीवर पांढुरकी पूड तेवढी उरली. सदुसष्ट वर्षांचा रनर तिसऱ्या बेसवरून निघाला. लेफ्ट फील्डरने चेंडू उचलून फेकलेला त्याला दिसला, बेसजवळचा कोच ओरडला "परत!", रनर थबकला. त्याचा उजवा पाय नेमका त्या पुसट पट्ट्यात. दोन्ही डगआउट (संघांचे बाक) एकाच वेळी ओरडतात. एकट्या पंचाची नजर तोवर प्लेटवर येणाऱ्या चेंडूकडे असते, पायाचा ठसा तो नंतर जाऊन शोधतो. असा निर्णय कोणालाही पटत नाही, आणि खरं सांगायचं तर पटू नये असाच तो असतो.

उपाय स्वस्त आहे. रेषा रंगाने मारा, किंवा जमिनीसपाट बसणारी, खिळ्यांनी ठोकलेली पांढरी पट्टी लावा. पट्टीची टोकं वर उचललेली राहणार नाहीत एवढी काळजी घ्या, नाहीतर पाय अडकतो. रेषा फाउल लाइनला (होमपासून बेसवरून जाणाऱ्या मैदानाच्या हद्दीच्या रेषेला) काटकोनात हवी आणि फाउलच्या बाजूला तीन-चार फूट बाहेर गेलेली हवी, कारण रनर चुन्यावरून धावत नाही, बाहेरून वळसा घेऊन येतो. फूट कुठून मोजले तेही लिहून ठेवा. फाउल लाइनला लागून असलेली होम प्लेटची कड १२ इंचांची असते. म्हणजे मागच्या टोकापासून टेप लावली की त्या कडेच्या पुढच्या टोकापासून, यात एक फुटाचा फरक पडतो. धावणाऱ्या ज्येष्ठाला २० फूट म्हणजे सहा-सात पावलं. त्यात एक फूट थोडा नाही.

याच खेळीत आणखी एक घोळ दर आठवड्याला होतो. रनर रेषेच्या अलीकडे आहे, कॅचरने प्लेटवर पाय ठेवून चेंडू झेलला आणि "आउट!" म्हणून चेंडू पिचरकडे टाकला. फोर्स नसेल, म्हणजे मागच्या रनरमुळे त्याला पुढे धावणं भाग नसेल, तर रनर तिथे आउट नाही. रेषेच्या अलीकडे नेहमीचा नियम : टॅग करावाच लागतो आणि रनर तिसऱ्या बेसला परत जाऊ शकतो. रेषेच्या पलीकडे प्लेटचा नियम. एकाच ६५ किंवा ७० फुटांच्या वाटेवर दोन वेगळे खेळ आहेत आणि त्यांना वेगळं करणारी ती एकच रेषा आहे. कॅचरला सरावात हे पाच-सहा वेळा करून दाखवा : रनर कुठे आहे ते आधी बघ, मग ठरव टॅग की प्लेट. तो प्लेटवर चेंडू धरून नुसता उभा राहिला तरी चालतं. रनरने रेषा ओलांडली की त्या क्षणी आउट.

पंचांच्या संख्येचा प्रश्न इथेच येतो. एकटा पंच रेषेवरचा पाय, प्लेटवरचा पाय आणि दुसऱ्या प्लेटवरचा पाय एका नजरेत धरू शकत नाही. आम्ही दोन प्लेटांच्या मागे दहा-बारा फुटांवर जाऊन, दोन्ही पाय दिसतील असा कोन धरतो. तेव्हा रेषेकडे पाठ नसली तरी लक्ष नसतं. दुसरा पंच परवडत नसेल तर बॅटिंग संघाचा कोच रेषेपाशी उभा करू नका, तो आपल्याच रनरला हात करणार. साखळी सामन्यांत एक पंच समजू शकतो. बाद फेरीत तरी दोन द्या.

आता पिचिंग. स्लो-पिचमध्ये चेंडू खालून हात फिरवून, कमान घेऊन टाकायचा. कमानीची किमान उंची जमिनीपासून ६ फूट, कमाल कुठे १० तर कुठे १२. तुमची लीग कोणत्या संघटनेच्या पुस्तकाने खेळते त्यावर ते ठरतं. अंतर ५० फूट. बरेच लोक वरच्या मर्यादेवरून वाद घालतात, आम्हाला काळजी खालच्या मर्यादेची असते. सपाट आलेला चेंडू बॅटर सपाट मारतो आणि तो सरळ पिचरकडे येतो. टाकून झाल्यावर पिचर दोन पावलं पुढे आलेला असतो, म्हणजे ५० फुटांचे ४५ झालेले असतात.

उंची ओळखायला आम्ही एक साधा मापदंड वापरतो. मध्यम उंचीचा माणूस हात सरळ वर करतो तेव्हा बोटं साधारण साडेसात फुटांवर जातात. त्या हातात ३४ इंचांची बॅट उभी धरली की टोक दहा फुटांच्या आसपास. सामन्यापूर्वी पिचर आणि प्लेट यांच्या मधोमध एक खेळाडू असा उभा करा आणि दोन्ही पिचरना तीन-तीन चेंडू टाकायला सांगा. पंच, पिचर आणि दोन्ही व्यवस्थापक, सगळ्यांना तीच उंची दिसते. नुसतं मागून बघून अंदाज बांधला तर चूक होते, कारण कमानीचा सर्वांत उंच बिंदू पंचापासून बराच पुढे असतो.

बेकायदा चेंडू हवेत असतानाच पंचाने मोठ्याने "इल्लीगल" म्हणायचं असतं, डाव्या हाताची मूठ बाजूला धरून. बॅटरने तो सोडला तर "बॉल", म्हणजे पिचरच्या विरुद्ध मोजलेला चेंडू. मारायला गेला तर बेकायदेशीरपणा संपला, पुढे जे होईल ते खरं. ऐकू आल्यावर बॅटरला ठरवायला अर्धा सेकंद मिळतो. म्हणून "इल्लीगल" उशिरा ओरडणारा पंच तुमच्या बॅटरवर अन्याय करतो. अशा पंचाबद्दल जरूर तक्रार करा. बॅट फिरवून पॉप-अप (उंच उडालेला सोपा झेल) दिल्यावर मात्र "पण ते इल्लीगल होतं ना?" असं विचारू नका.

स्ट्राइक-मॅट वापरा, ही आमची आर्जवी विनंती. प्लेटवर आणि तिच्या मागे अंथरलेली, जवळपास तीन फूट लांबीची रबरी मॅट. चेंडू योग्य कमानीने येऊन तिच्यावर पडला की स्ट्राइक (बॅटरच्या विरुद्ध मोजायचा), बाहेर पडला की बॉल. मॅट नसली तर पंचाने बॅटरचा मागचा खांदा आणि पुढचा गुडघा यांच्यामधली जागा बघून, वरून उतरणारा चेंडू प्लेटवरून गेला का ते सांगायचं असतं. सत्तरीत कमरेतून वाकून उभा राहणारा बॅटर आणि ताठ उभा राहणारा बॅटर यांचे झोन वेगळे असतात. वादाला तिथे अंत नाही. मॅटने हा वाद जवळजवळ संपतो. एक गोष्ट मात्र आधी लिहा : होमवरच्या खेळीत कॅचरचा पाय मॅटवर असला तर तो प्लेटवर धरायचा का? आमच्या मते धरावा. ऐन वेळी पायाखाली न बघता तो आउट घेऊ शकला पाहिजे.

बॅट आणि चेंडू यांबद्दल कठोरपणे लिहितो, राग मानू नये. ज्येष्ठांच्या खेळात १.२१ बीपीएफ (बॅट परफॉर्मन्स फॅक्टर, म्हणजे बॅटवरून चेंडू किती उसळतो त्याचं माप) शिक्क्याच्या बॅट चालतात. तरुणांच्या खेळातल्या बॅटपेक्षा त्यांच्यावरून चेंडू जास्त वेगाने सुटतो. वय झालेल्या मनगटांना मदत म्हणून ती सवलत आहे. मंडळाच्या सामन्यात संघात एक माणूस कमी पडला की कोणाचा तरी पस्तिशीतला मुलगा उतरवतात आणि तो हौसेने वडिलांची बॅट उचलतो. हे आम्ही चालू देणार नाही. पुढे ४५ फुटांवर बाहत्तर वर्षांचे काका उभे असतात. सामन्याआधी दोन्ही संघांनी बॅट डगआउटबाहेर मांडाव्यात, आम्ही शिक्का बघू, तडा बघू, आत काही खुळखुळतंय का ते हलवून ऐकू. चेंडूवरचा शिक्काही बघू : .४४ आणि ३७५ असा चेंडू एका प्रकारचा, .५२ आणि ३०० दुसऱ्या प्रकारचा. पहिला आकडा चेंडू किती उसळतो त्याचा, दुसरा तो किती कठीण आहे त्याचा. एका सामन्यात दोन प्रकार मिसळू नका. पिचरला चेहऱ्याचा मास्क सक्तीचा करा. पुढे जाळीचा पडदा लावत असाल तर पडद्याला लागलेला फटका डेड बॉल की स्ट्राइक, हे आधीच ठरवा.

पहिल्या बेसची गोष्ट थोडक्यात संपते. दोन रंगांची जोड-बेस आणा, १५ गुणिले ३० इंच. पांढरा भाग मैदानात, नारिंगी फाउलमध्ये. पहिल्या बेसवर खेळी होत असेल तेव्हा बॅटर नारिंगीवर धावतो आणि फील्डर पांढऱ्यावर पाय ठेवतो. थ्रो फाउलच्या बाजूला खेचला गेला तर अदलाबदल चालते. रनर पुढे धावून गेला की परत येताना मात्र पांढऱ्यावर. क्रिकेटमधून आलेल्या मंडळींना इथे दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात : फटका मारल्यावर बॅट हातात घेऊन धावायचं नाही, आणि ती मागे भिरकावायचीही नाही. बॅट घेऊन क्रीज गाठण्याची सवय चाळीस वर्षांची असते, एका सूचनेने जात नाही. सरावात फटक्यानंतर बॅट जमिनीवर ठेवून मगच पाऊल टाकायला लावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरूनही थेट पुढे धावून जायला परवानगी द्यावी, असं आमचं मत आहे. पूर्ण वेगात असताना बेसवर जागच्या जागी थांबायला लावणं म्हणजे मांडीचा स्नायू फाटायला निमंत्रण. पण परवानगी दिलीत तर तो सरळ पुढे गेला पाहिजे. पुढच्या बेसकडे वळला की टॅगला मोकळा.

सगळ्यात जास्त आवाज चढतात ते कर्टसी रनरवरून, म्हणजे ज्याला धावता येत नाही त्याच्याऐवजी धावणाऱ्यावरून. किती वेळा चालेल, कोण धावेल, एका इनिंगमध्ये एकाने किती वेळा धावायचं, हे प्रत्येक लीगमध्ये वेगळं असतं. काही ठिकाणी लाइन-अपमधला कोणीही, इनिंगमध्ये एकदाच. काही ठिकाणी फक्त शेवटी आउट झालेला. तुम्हाला जो हवा तो घ्या, पण लिहा. आणि व्यवस्थापकांनी एक हिशेब स्वतः ठेवावा : बेसवर असतानाच कर्टसी रनरची बॅटिंगची पाळी आली तर तो बेसवर आउट धरला जातो. संघातल्या सर्वांत चपळ माणसाला मोहापायी धावायला पाठवतात, तीन बॅटरनंतर त्याचीच पाळी असते आणि मग सगळे आमच्याकडे बघतात. बदली रनर मैदानात जाण्याआधी पंचाला सांगायचं. पुढचा चेंडू टाकून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

इनफील्ड फ्लायवर मात्र आमच्याच मंडळींशी आमचे मतभेद आहेत, तेही इथे मोकळेपणाने मांडतो. दोनपेक्षा कमी आउट, पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर किंवा तिन्ही भरलेले, आणि इनफील्डरला साधारण प्रयत्नात झेलता येईल असा उंच फटका : बॅटर तिथेच आउट, रनरनी धावायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर. वाद "साधारण प्रयत्न" या दोन शब्दांत आहे. काही पंच तरुणांच्या मापाने हात वर करतात. आम्हाला ते चूक वाटतं. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) पंचाहत्तरीचा असेल, सूर्य समोर असेल, चेंडू त्याच्या मागे पंधरा फुटांवर पडणार असेल, तर तो साधारण प्रयत्न नाही. माप त्या वयोगटाच्या फील्डरचं घ्यावं, पण दोन्ही संघांना एकच. काही पंच चेंडू हातातून सुटेपर्यंत थांबतात. ती चूक त्याहून मोठी. चेंडू सर्वांत उंच बिंदूपाशी असतानाच हात वर आणि मोठा आवाज, फाउल लाइनजवळ असेल तर "फेअर असेल तर" हे जोडून.

बाकीचे मुद्दे कागदावर एकेका ओळीत येतील. बॉल-स्ट्राइकचा सुरुवातीचा काउंट शून्य-शून्य की एक-एक. दोन स्ट्राइकनंतरचा फाउल लगेच आउट की एक फाउल माफ. एका इनिंगला पाच धावांची मर्यादा आहे का आणि शेवटची इनिंग खुली आहे का. वेळेची मर्यादा किती आणि खुली इनिंग कोण जाहीर करणार (पंचाने, इनिंग सुरू होण्याआधी, दोन्ही डगआउटना ऐकू जाईल असं). फील्डर दहा की अकरा. बेसवर घसरत जायला परवानगी आहे का. बंट (बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवणं) आणि बेस चोरणं नाही, फटका लागेपर्यंत बेस सोडायची नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी लिहा.

एक ओळ मात्र कुठल्याच लीगच्या कागदावर आम्हाला सहसा दिसत नाही, आणि ती सर्वांत वर हवी. मैदानावर एईडी (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र कुठे आहे? ज्या कपाटात आहे त्याची किल्ली कोणाकडे? प्लेटपाशी सामन्याआधीच्या बैठकीत दोन्ही व्यवस्थापकांनी ते बोटाने दाखवावं, ९११ ला फोन कोण करणार आणि गाडी कोणत्या फाटकातून आत येणार ते ठरवावं. या सगळ्याला मिनिटभर लागतं. खेळाडू कोसळला तर आम्ही खेळी संपायची वाट बघणार नाही. त्या क्षणी "टाइम" म्हणू आणि रनरना कुठे ठेवायचं ते नंतर आमच्या अंदाजाने ठरवू. त्यात एखादी धाव इकडे-तिकडे होईल. ती तक्रार त्या दिवशी आमच्याकडे आणू नका. जुलै-ऑगस्टच्या उन्हात दर दोन इनिंगनंतर पाण्यासाठी थांबू, मग घड्याळात वेळ उरो न उरो. पंचही बरेचदा साठीपुढचाच असतो. त्यालाही पाणी विचारा.

तर मागणी अशी. हंगामाच्या निदान दोन आठवडे आधी तुमचे स्थानिक नियम एका पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा, प्रत्येक व्यवस्थापकाची सही घ्या आणि प्रत पंचांना पाठवा. त्यात एखादा नियम आमच्या मताविरुद्ध असला तरी हरकत नाही, आम्ही तो जसाच्या तसा लागू करू. जे लिहिलेलं नाही ते ज्या पुस्तकाने तुमची लीग खेळते त्याप्रमाणे होईल, असं शेवटी एक वाक्य घाला. आणि मैदान आखायच्या दिवशी आम्हाला बोलवा. १०० फुटी टेप, रंगाचा डबा आणि दोरी आम्ही घेऊन येऊ. दुसरी होम प्लेट आणि नारिंगी बेस तेवढी तुम्ही आणा.

आपले,
ज्येष्ठांच्या स्लो-पिच सामन्यांना उभे राहणारे काही मराठी पंच